ब्रिन सावचुकला हलवण्याची मोहीम

“पोरीला हलवायचं म्हणजे काय डोंगर हलवायचाय?” गॉर्ड सावचुकने न्याहारीच्या टेबलावर मूठ आपटली. अंड्याची बशी हवेत उडाली आणि पुन्हा जागेवर बसली. “दोन आठवडे! दोन आठवड्यांत ब्रिन मागच्या अंगणात स्केटिंग करताना दिसली नाही, तर बावीस वर्षं मी गॅरेजात माशाच मारल्या म्हणायचं!”

“गॅरेजचा काय संबंध?” लेनोरने विचारलं. लेनोर म्हणजे त्याची बायको. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला असल्यामुळे तिला हट्टी म्हाताऱ्यांची सवय होती, आणि नवऱ्याला ती त्यातच धरायची.

“संबंध? अगं, बंद पडलेलं इंजिन आणि बसलेलं पोर, दोन्ही एकच! कारण शोधायचं, नट आवळायचा, किल्ली फिरवायची. सुरू!”

“तुझ्या ट्रकांना रडू येत नाही, गॉर्ड.”

हे गॉर्डने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि विलो बेंड गावातल्या अकरा बायकांची भांडी त्यांच्या त्यांच्या फडताळात सुखाने राहिली असती.

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी शाळेत पालकांना बोलावलं होतं. शहरातून एक बाई आल्या होत्या, मुलांच्या मनाचा अभ्यास केलेल्या. पोरं खेळत का नाहीत, पळत का नाहीत, दिवसभर भिंतीला पाठ लावून का बसतात, याची कारणं पायात नसतात, डोक्यात असतात, असं त्यांनी सांगितलं. स्वतःवरचा विश्वास, खेळातली मजा, बरोबरची पोरं, मिळणारं कौतुक आणि आईबापांचा नमुना. पाच कारणं! गॉर्डने ती सुट्या भागांच्या पावतीमागे लिहून घेतली. पाचही खरी होती. बाई एक अक्षर चुकीचं बोलल्या नव्हत्या. चूक एवढीच झाली की ऐकायला मेकॅनिक बसला होता. पाच कारणं म्हटल्यावर त्याला ट्रकच्या चाकाचे पाच नट दिसले.

पण त्या पावतीवर न लिहिलेलंही एक कारण होतं, आणि ते फक्त गॉर्डला ठाऊक होतं.

ब्रिन नऊ वर्षांची. सात वर्षांपर्यंत ही पोरगी चालत नव्हती, कारण चालायला तिला वेळच नव्हता. पळायची! टपालपेटीपर्यंत पळायची, न्हाणीघरापर्यंत पळायची, झोपायलासुद्धा पळत जायची. मग सातव्या वर्षी गावाच्या बंदिस्त रिंकमध्ये, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानात, बर्फावरच्या हॉकीच्या संघाची निवड झाली. तिच्या पाठीवर एकतीस आकडा चिकटवला. हातात पाटी घेतलेला एक माणूस कठड्याला टेकून पोरांना गुण देत होता; सात वर्षांच्या पोरांना, जणू बाजारात कोंबड्या निवडतोय! नंतर दारावर यादी लागली. सगळ्या आईबापांच्या गर्दीत गॉर्डचं बोट त्या यादीवरून खाली, खाली, खाली गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. ब्रिन त्याच्या कोपराशी उभी राहून ते बोट बघत होती.

परत येताना गाडीत तो म्हणाला होता, “पुढच्या वर्षी जरा जोर लाव.”

बस. एवढंच. त्यानंतर पोरगी पळाली नाही.

पोर चालायला लागलं की आपण टाळ्या वाजवतो आणि पळायला लागलं की खिशातून घड्याळ काढतो. मोठ्या माणसांची ही जात एक दिवस स्वतःच्या आजीच्या प्रेमालासुद्धा गुण देईल! असो. गॉर्डला तिला पुन्हा पळताना बघायचं होतं. एकदा. ते एक वाक्य पोरीच्या अंगातून काढून टाकायचं होतं, आणि ते कुठल्या पान्याने निघतं हे काही त्याला कळत नव्हतं.

म्हणून त्याने रिंक बांधली.

तिकडे सस्कॅचवानात बापाचं प्रेम हिवाळ्यात पाइपातून वाहतं. अंगणाला चारी बाजूंनी फळ्या ठोकायच्या, आत बर्फ तुडवून सपाट करायचा, आणि पहाटे उठून पाणी मारायचं. थर गोठला की पुन्हा पाणी. गॉर्ड सात दिवस पहाटे पाचला उठला. मिशांना बर्फाच्या सुया लागल्या. पाइप गोठला तो त्याने न्हाणीघरात नेऊन गरम पाण्यात घातला, आणि लेनोर अंघोळीला गेली तर टबात अजगर! तिची किंकाळी ओढ्यापलीकडे ऐकू गेली म्हणतात.

सातव्या दिवशी रिंक तयार. ब्रिनने खिडकीतून बघितलं.

“छान आहे,” ती म्हणाली आणि पडदा ओढून पुस्तक घेऊन बसली. ढिम्म!

“चला,” गॉर्डने पावती काढली. “पहिला नट. बापाचा नमुना.”

त्याने पंचवीस वर्षांत स्केट्स पायात घातले नव्हते. माळ्यावरचे जुने काढले, त्यात पाय कोंबले आणि खिडकीकडे बघून हात हलवला. हात हलला, पाय त्याआधीच निघाले होते! मधे कपड्यांची दोरी होती म्हणून ती त्याने धरली. दोरी तुटली. दोरीवर त्याचीच लांब आतली विजार फळीसारखी गोठून उभी होती, ती त्याच्याबरोबर निघाली. बाप आणि विजार दोघं हातात हात घालून फळीवर जाऊन आदळले.

खिडकी उघडली. “बाबा, लागलं?”

“छे गं! मजा येते!” गॉर्ड आडव्यानेच ओरडला.

खिडकी बंद झाली.

दुसरा नट सोबतीचा. समोरच्या घरातला जोमार आणि त्याची धाकटी बहीण, ही दोन पोरं त्याने गरम चॉकलेटची लाच देऊन आणली. शिट्टी फुंकली, रांगेत उभं केलं, गोलगोल फिरवलं. जोमार तीन कप प्याला, म्हणाला, “काका, ही शाळा आहे का? आज तर सुट्टी आहे,” आणि बहिणीला घेऊन चालता झाला. तिसरा नट मजेचा. गॉर्डने आपल्या युक्रेनियन आजीची अकॉर्डियनची गाणी मोठ्या आवाजात लावली. गल्लीतली सगळी कुत्री गळा काढून रडली. चौथा नट विश्वासाचा. आरशावर त्याने चिठ्ठी चिकटवली, ‘मी जोरात पळू शकते!’ दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘कोण म्हणतं?’

राहिला पाचवा. कौतुक!

आणि इथे गॉर्डच्या अंगात आलं. त्याने पाना असा फिरवला की नटाचे आटे गेले.

“वा! काय दार उघडलंस! केवढी तडफ!”

“बाबा, दार रोज उघडते मी.”

“आणि काय ते चावणं! लेनोर, बघ, पोरगी कशी चावतेय!”

“बाबा, टोस्ट आहे.”

बुधवारी सकाळी ब्रिन शिंकली. गॉर्ड खुर्चीतून उठून उभा राहिला. “अहाहा! काय सुंदर शिंकलीस बाळा! शाबास!” आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले, कारण दहा दिवसांत पोरीने एवढीच काय ती हालचाल केली होती.

ब्रिनचा चेहरा पांढरा पडला. दुपारी शाळेतून आली ती थेट शेजारच्या एल्सी फेरबाईंकडे गेली. फेरबाई सत्तरी ओलांडलेल्या. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला. पुढे काय बोलणं झालं ते गॉर्डला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आताच सांगून टाकतो.

“मिसेस फेर, मिस्टर फेर आजारी होते तेव्हा सगळे त्यांच्याशी गोड बोलायचे?”

“हो गं बाळा. शेवटी शेवटी तर फारच.”

“नुसते शिंकले तरी?”

“शिंकले की जास्तच.”

“आणि न मागता मोठ्या मोठ्या वस्तू आणून द्यायचे?”

फेरबाईंची विणकामाची सुई थांबली. “का गं?”

“काही नाही. बाबांनी माझ्यासाठी रिंक केलीय. मी मागितली नव्हती. आणि बाबा माझ्याकडे बघून रडतात.”

ब्रिन घरी गेली. फेरबाईंनी खिडकीतून बघितलं. मागच्या अंगणात एक दणकट माणूस संधिप्रकाशात एकटाच बर्फावर पाणी मारत होता आणि मधूनच बाहीने नाक पुसत होता. फेरबाईंनी फोन उचलला.

आता या गावची रीत अशी की कुणाच्या घरी दुखणं आलं तर काय झालं म्हणून विचारायचं नाही. विचारणं म्हणजे अगोचरपणा! भांडं न्यायचं. नूडल्स, खिमा, वर चीज, चीजवर बटाट्याचा चुरा, सगळं भट्टीत भाजलेलं. आणि भांड्याच्या तळाला पट्टी चिकटवून त्यावर आपलं नाव, म्हणजे परत कुणाकडे द्यायचं ते कळावं. देणाऱ्याने कारण काढायचं नाही, घेणाऱ्याने विचारायचं नाही. असं शंभर वर्षं चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी दारावर पहिली थाप पडली.

“हे राहू दे, गॉर्ड,” टपाल कचेरीतल्या बाई म्हणाल्या. “खूप करतोयस तू पोरीसाठी.”

“करावंच लागतं,” गॉर्ड म्हणाला. “कंबर पार गेली बघा. पहाटे पाचला उठतो.”

“झोपसुद्धा नाही बिचाऱ्याला,” बाईंनी त्याचा दंड दाबला आणि डोळे टिपत गेल्या.

गॉर्ड भांडं हातात घेऊन चकित! लोकांना आपल्या रिंकचं एवढं अप्रूप? संध्याकाळपर्यंत अकरा भांडी झाली. फ्रीज भरला, जिन्यावर ठेवली, उरलेली बाहेर बर्फात रोवली. त्याची छाती फुगून कोटाचं बटण तुटलं.

लेनोर दोन पाळ्या करून आली आणि दारातच थांबली. “कोण गेलं?”

“कुणी नाही! लोकांना रिंक आवडली!”

“रिंकसाठी अकरा भांडी? गॉर्ड, माझ्या बाळंतपणाला चार आली होती.”

“तेव्हा मी रिंक नव्हती केली.”

“उद्या एखादीला विचार तरी, कशाबद्दल म्हणून.”

“विचारू?” गॉर्डने कपाळाला आठ्या घातल्या. “असं कसं विचारू! आपल्याकडे विचारतात का?”

लेनोर अर्धी झोपलेलीच होती. सकाळी पुन्हा कामावर जायचं होतं. तिने नाद सोडला.

शनिवारी दुपारी बारा वाजता गावचा पाण्याचा बंब दारात उभा राहिला.

थंडी उणे एकतीस. बंबातून आठ माणसं उतरली, आठही जणांनी टोप्या काढल्या. तिकडे माणूस लग्नातही टोपी काढताना दोनदा विचार करतो! पुढे वेंडेल ओलाफसन होता, गावच्या हौशी अग्निशमन दलाचा प्रमुख, गॉर्डचा शाळेपासूनचा मित्र. या दोघांनी चाळीस वर्षांत एकमेकांच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला नव्हता. वेंडेलने येऊन त्याला मिठी मारली.

“अरे, वेंडेल! शुद्धीत आहेस ना?”

“गॉर्ड्या, बोलू नकोस. आम्हाला सगळं कळलंय. पाइपाने कसली रिंक होते रे! आम्ही करतो. काचेसारखी करतो. पोरीची इच्छा आहे ना, पुरी झालीच पाहिजे.”

“अरे, पोरीची इच्छा नाही हीच तर बोंब आहे!”

वेंडेल एक पाऊल मागे सरला. “इच्छासुद्धा उरली नाही?”

आठही जणांनी माना खाली घातल्या. एकाने तोंड फिरवून बंबाच्या चाकाकडे बघायला सुरुवात केली. मग वेंडेल गरजला, “पाणी सोडा!”

“अरे, किती सोडताय? त्यात मावायचं नाही एवढं...”

पण दुःखातला माणूस आणि उघडलेला बंब, दोघांना मधेच थांबवता येत नाही. सहा हजार लिटर! रिंक भरली, फळ्यांच्या काठाला लागली, फळ्या कुरकुरल्या. गॉर्ड धावत जाऊन एका फळीला पाठ लावून उभा राहिला. तेवढ्यात समोरची गेली. फाडकन! सगळं तळं कुंपणाचं मागचं दार तोडून गल्लीत उतरलं. सस्कॅचवानच्या त्या पोळपाटासारख्या मुलखात विलो बेंडला एकच उतार, आणि तो नेमका गॉर्डच्या घरामागे, गल्लीतून थेट ओढ्यापर्यंत. पाणी त्यावरून पसरत, वाफाळत, गोठत खाली गेलं. गॉर्ड तिथेच उभा. त्याच्या पायाखाली सात पहाटा वाहून गेल्या होत्या. उरला होता चार फळ्या ठोकलेला चिखलमिश्रित बर्फ.

“गेली,” तो म्हणाला. “रिंक गेली.”

आणि मग, त्या आठ माणसांच्या देखत, तो खरंच रडला. रिंकसाठी नव्हे. बायका रडू आलं की रडतात, पुरुषांना फळ्या तुटल्याचं निमित्त लागतं.

“पुढच्या अंगणात चल,” वेंडेलने त्याला ओढत नेलं. पुढे फेरबाई बाराव्या भांड्यासह येऊन ठेपल्या होत्या. मागे टपाल कचेरीतल्या बाई, त्यांच्यामागे अर्धा गाव.

“बाळ कुठे आहे?” फेरबाईंनी विचारलं. “तिला जिने चढू देऊ नका. उभी राहू देऊ नका.”

“का?” गॉर्ड नाक पुसत म्हणाला. “मी तिला उभी करायलाच तर मरतोय!”

“गॉर्ड! या अवस्थेत?”

“कुठल्या अवस्थेत?”

सगळ्यांनी वेंडेलकडे बघितलं. शेवटी विलो बेंडच्या इतिहासात पहिल्यांदा एका माणसाने दुसऱ्याला प्रश्न विचारला. वेंडेल म्हणाला, “ब्रिनला झालंय काय?”

“ब्रिनला? काही नाही! ठणठणीत आहे! नुसती बसून असते म्हणून तर ही सगळी उठाठेव!”

“मग तिच्या शिंकेला शाबासकी का दिलीस?” फेरबाई कडाडल्या. “पोरगी माझ्याकडे येऊन विचारून गेली, मरणाऱ्या माणसांशी लोक असंच बोलतात का म्हणून!”

गॉर्डने बोटांवर मोजलं. तीन दिवस! तीन दिवस नऊ वर्षांचं पोर हे डोक्यात घेऊन टोस्ट खात होतं, आणि तो टोस्ट चावण्याचं कौतुक करत होता!

“ब्रिन!” तो घरात धावला. फेरबाईंनी दिलेलं भांडं हातातच. खोलीत नाही. न्हाणीघरात नाही. पुस्तक पालथं पडलेलं. कोट जागेवर नाही, बूट नाहीत. तो मागच्या दाराने बाहेर पडला, मोडक्या फळ्या ओलांडल्या, कुंपणाच्या तुटलेल्या दाराशी आला आणि खिळला.

गल्ली नव्हतीच. गल्लीच्या जागी कुणीतरी आरसा अंथरला होता. वरून खालपर्यंत, कुंपणांच्या मधून, थेट ओढ्यापर्यंत. दुपारच्या सूर्याने तो पेटला होता. आणि त्यावर सात-आठ पोरं!

पुठ्ठ्यावर बसून एक खाली चाललं होतं. एक कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर गरगर फिरत निघालं होतं. आणि कडेच्या भुसभुशीत बर्फातून, गुडघा गुडघा रुतत, वर कोण पळत येत होतं? टोपी पाठीवर लोंबतेय, केस गोठून काड्या झालेत, गाल बिटासारखे, तोंडातून इंजिनासारखी वाफ!

ब्रिन.

पळत होती. चढावर! हातापायांनी, कोपरांनी, दातांनी म्हटलं तरी चालेल. मधे आपटली. उठली. कुणी बघतंय का म्हणून मागे वळून बघितलं नाही. वर पोचली, डीप-फ्रीजरचं जुनं झाकण जोमारच्या हातातून ओढलं, “आता माझी पाळी नाही, पण मी जाते!” असं ओरडली, आणि पोटावर झोकून दिलं. खाली जाता जाता एक किंकाळी. ती आनंदाची होती की भीतीची, हे तिलाही ठाऊक नसावं. ओढ्याच्या काठाला झाकण उडालं, ब्रिन वेगळी, झाकण वेगळं. क्षणभर काही हललं नाही. मग बर्फातून एक हात वर आला. आणि पुन्हा पळत वर!

गॉर्डने मोजायचा प्रयत्न केला. सहाव्या खेपेनंतर मोजणंच विसरला. असं काही आपल्या डोळ्यांनी बघायला मिळेल असं त्याला वाटलंच नव्हतं. या पोरीच्या आत एवढं सगळं होतं? पडद्याआड, पुस्तकाआड, त्या भिंतीला टेकलेल्या पाठीआड, हे सगळं दोन वर्षं नुसतं दबून बसलं होतं? बंबात मावलं नसतं एवढं!

मागून माणसं आली. वेंडेल, त्याचे सात जण, फेरबाई, टपालवाल्या बाई. सगळी कुंपणाशी थबकली. देवळात उभं राहावं तशी उभी राहिली, हातात टोप्या आणि भांडी घेऊन. फेरबाईंचे ओठ नुसते हलत होते.

वेंडेलला राहवेना. जन्मभर पोरांना हॉकी शिकवलेला माणूस! त्याने छातीत हवा भरली. “गुडघे वाक...”

गॉर्डने त्याच्या तोंडावर हातमोजा दाबला. “एक शब्द काढलास तर गाडीन इथेच.”

“अरे, पण ती चुकीचं...”

“चुकू दे! तिच्या बापाने दोन आठवडे बरोबर केलं, बघितलंस ना काय झालं?”

तेवढ्यात ब्रिनने वर बघितलं.

उतारावर मधोमध उभी होती. तिला कुंपणाशी मोठ्यांची रांग दिसली. पंधरा-वीस चेहरे, सगळे तिच्याकडे लागलेले. तिचे हात खाली आले. खांदे वर गेले. गॉर्डला तो चेहरा ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी यादीच्या दाराशी त्याच्या कोपराजवळ होता तो. आता ती टोपी नीट करणार, घरात जाणार, पडदा ओढणार.

काहीतरी बोलायला हवं होतं. किंवा काहीच बोलायला नको होतं. कुठलं, ते गॉर्डला ठरवता येईना, म्हणून त्याने ठरवलं की आपण सगळ्यांनी इथून निघून जावं. तो गर्रकन वळला.

पण पायाखाली आरसा!

पुढचा पाय ओढ्याकडे, मागचा घराकडे, आणि मधला पंच्याण्णव किलोचा गॉर्ड हवेत. पाठीवर आपटला आणि निघाला! डोकं पुढे, पाय मागे, छातीवर फेरबाईंचं भांडं घट्ट धरलेलं. वेग वाढत गेला. पोरं दोन्ही बाजूंना उडाली. “बाऽऽपरे!” एवढं त्याच्या तोंडून निघालं, बाकीचं वाऱ्याने नेलं. पुठ्ठ्याची खूण गेली. झाकणाची खूण गेली. ओढ्याचा काठ आला, गॉर्ड उडाला, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या लव्हाळ्यांत जाऊन रुतला.

मग धावणाऱ्या पावलांचा आवाज. सगळ्यात पुढे ब्रिन.

“बाबा! मेलास?”

“नाही.” गॉर्डच्या भुवयांवर नूडल्स होत्या. “ब्रिन, ऐक. तूही मरत नाहीयेस. तुला काहीसुद्धा झालेलं नाही. माझंच डोकं...”

“माहितीये,” ब्रिन धापा टाकत म्हणाली. “जोमार म्हणाला. मी मेले तर त्याला माझी सायकल हवी होती म्हणून त्याने मघाशी पुढच्या अंगणात उभं राहून तुम्हा मोठ्यांचं सगळं ऐकलं. म्हणाला, काही होणार नाहीये, फुकट आशा लावलीस.” ती त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याच्या बुटापासून वर उताराकडे बघत होती, एक डोळा मिटून. “जोमार! पावलं मोज! ओढ्यापलीकडे कोणीच गेलं नव्हतं!”

“जड आहेत ना काका,” जोमार म्हणाला. “मी म्हणत नव्हतो? आपण दगड ठेवत होतो ते हलके होते.”

“यांना झाकणावर ठेवलं तर?”

“तर रस्त्यापर्यंत!”

सात-आठ जोडी डोळे गॉर्डवर वळली. त्यांत माया नव्हती, काळजी नव्हती. फ्रीजरचं झाकण आलं. दोरी आली, ती त्याचीच कपड्यांची दोरी होती. त्याला लोळवून झाकणावर घातलं, आणि पोरांनी दोरी खांद्यावर घेतली. “एक, दोन, हेऽऽ!” सगळ्यात पुढे ब्रिन, जवळजवळ आडवी झालेली, बूट बर्फात रोवत, घसरत, शिव्यांच्या जवळपासचं काहीतरी पुटपुटत. टपालपेटीपर्यंत चालायला नको म्हणणारी पोर पंच्याण्णव किलोचा बाप चढावर ओढत होती!

गॉर्ड आभाळाकडे बघत पडून होता. जिभेवर शब्द आले होते. वा! शाबास! काय ताकद! त्याने हातमोजाच तोंडात कोंबला आणि दातांनी धरून ठेवला. आयुष्यात एवढी मेहनत त्याने कधी केली नव्हती.

संध्याकाळपर्यंत त्याला चौदा वेळा वर नेलं आणि चौदा वेळा खाली सोडलं. अंधार पडायला लागला तशी पोरं पांगली. लेनोर कामावरून येऊन कुंपणाशी उभी होती. बाराव्या भांड्यातलं उरलंसुरलं चमच्याने खात होती.

ब्रिनने बापाला हात देऊन उठवलं. त्याचा एकही सांधा जागेवर नव्हता.

“उद्या पण ये,” ती म्हणाली. “आम्हाला ओझं लागतं.”

गॉर्डने तोंडातला हातमोजा काढला.

“आणि बोलायचं नाही हं, बाबा. ओझी बोलत नसतात.”

ती वळली आणि घराकडे पळत सुटली. किती वाजता येऊ, एवढंच त्याला विचारायचं होतं. पण ओझ्याने विचारायचं कसं!